रबऱ्याची मराठी

होळी जवळ आली की आमच्याकडची हवा पिवळी होते. हिंगोलीहून कळमनुरीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिजवलेली हळद ताडपत्र्यांवर पसरलेली दिसते. कुठं कुकरमधून वाफ निघत असते, कुठं पॉलिशचा ड्रम घरघरत असतो, आणि त्या ड्रममधून उठलेली धूळ वाऱ्याबरोबर सरळ रस्त्यावर येते. बसच्या काचा लावल्या तरी ती आत शिरते. घरी येऊन चष्मा पुसावा तर रुमालाला रंग. उशीच्या अभ्र्याला रंग. शाळेतून आलेल्या लेकरांच्या कानामागं रंग. शिजत्या हळदीचा वास मला कधीच नीट सांगता आला नाही. तो ओल्या मातीचा आहे, थोडा कडवट आहे, आणि त्यात उकडलेल्या रताळ्याची एक भोळी गोडी आहे.

यंदा तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मी शिकवते त्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होते. लोकांना हळदीच्या वासानं लग्नाचा मांडव आठवत असेल. मला टेपरेकॉर्डर आठवतो. मागच्या वर्षीचा हंगाम आठवतो, आणि त्याच्याआडून खूप जुना, मी सातवीत होते तेव्हाचा. हे दोन हंगाम आता माझ्या मनात एकमेकांत असे मिसळले आहेत की वेगळे काढावेसे वाटत नाहीत. आठवलं की छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं.

आमचं एक छोटं मंडळ आहे. मंडळ म्हणजे तीन माणसं. मी, हिंगोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे रफीकभाई, आणि डोंगरकड्याचा संतोष. संतोष घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं संगणकाचं काम करतो आणि उरलेल्या वेळात वडिलांची हळद बघतो. आम्ही तिघं मिळून एक जुना घरगुती संगणक जिवंत ठेवतो. काळा, जाडसर पुस्तकाएवढा, वर राखाडी रबराची बटणं. त्याला स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडावा लागतो. वीज गेली की तो सगळं विसरतो. म्हणून प्रोग्राम ठेवायचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर, आणि परत हवा असेल तर टेपरेकॉर्डर जोडून ती कॅसेट त्याला ऐकवायची. आधी एक लांब शिट्टी येते, मग रातकिड्यांचा थवा डब्यात कोंडल्यासारखी किरकिर. त्या किरकिरीतच सगळा प्रोग्राम असतो. कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक आहे. रफीकभाई त्याला रबऱ्या म्हणतात, म्हणून आम्हीही रबऱ्याच म्हणतो.

रबऱ्या बनायचा बंद होऊन जमाना झाला. पण जगात त्याच्यावर जीव लावणारी माणसं अजून आहेत. ती त्याच्यासाठी नवे खेळ लिहितात, नवी रबरं ओततात, एकमेकांना सुटे भाग पाठवतात. संतोषचं त्यांच्याशी सतत बोलणं चालू असतं. आम्ही आमच्या परीनं माळ्यावरून, भंगारातून, हैदराबादच्या जुन्या बाजारातून मशीन गोळा करतो. फुगलेले कपॅसिटर बदलतो. बटणांखाली कागदासारखी पातळ पट्टी असते, ती तडकली की नवी घालतो. सुटीच्या दिवशी रफीकभाईंच्या दुकानात सुटे भाग जोडताना दिलेल्या डाकाचा, कल्हईसारखा वास दरवळत असतो आणि एखादा मेलेला रबऱ्या टीव्हीवर पहिली ओळ दाखवतो, तेव्हा आम्ही तिघं चहा मागवतो. संतोषचे वडील एकदा दुकानात आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "काहून एवढा आटापिटा करून राहिले रे तुमी? याच्यापरीस आपल्या ड्रमचं बेअरिंग बघ न पोरा, तेबी किरकिर करून राहिलं."

मंडळाचा एक नियम आहे. हळदीच्या हंगामात रबऱ्या उघडायचा नाही, आणि जुनी कॅसेट तर डब्यातून बाहेर काढायचीच नाही. हळदीची धूळ पिठाहून बारीक. ती फितीवर बसली की टेपरेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि जाता जाता फितीवरचा मसाला खरवडून नेते. म्हणून होळीच्या आत सगळी मशीन लुगड्याच्या धडप्यात बांधायची आणि आषाढात सोडायची. मागच्या वर्षी आम्ही हा नियम मोडला. कावरखे सरांसाठी.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आई डोंगरकड्यात हळदीच्या कामाला जायची. पाला कापून झाला की काढणी, मग शिजवणी, मग वाळवणी. हंगामभर तिची बोटं पिवळी असायची, भाकरीलासुद्धा तो रंग लागायचा. मी शिकले त्यात आईची ती बोटं आहेत, आणि कावरखे सर आहेत. हे मी कुठंही सांगते, लग्नात सांगते, कॉलेजच्या कार्यक्रमात सांगते. सर गावच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे मेहुणे आखातात होते, त्यांनी एका वर्षी सुटीवर येताना हे मशीन आणलं. दुसऱ्या कुणी ते कपाटात ठेवलं असतं. सर ते टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधून शाळेत आणायचे. टीव्ही ग्रामपंचायतीचा, काळापांढरा, लाकडी दारांचा. एरवी तो फक्त बातम्यांना उघडायचा.

सरांना एकच गोष्ट खुपायची. मशीन फक्त इंग्रजी लिहायचं. "आपल्या मायला न्हाई वाचता येत ते मशीन काय कामाचं," असं ते वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते. मग त्यांनी प्रत्येकाला एक अक्षर वाटून दिलं. आठ आडवी घरं, आठ उभी घरं, त्यात काळे ठिपके भरून ते अक्षर बसवायचं. मला 'झ' आला. त्याचं पोट त्या आठ घरांत काही केल्या मावेना. मी रडकुंडीला आले तेव्हा सर म्हणाले, "पोट मावंना तर शेपूट काप. वाचणारं माणूस समजून घेतं." अख्खी सातवी त्या ठिपक्यांत बुडालेली होती. बाहेर गावभर हळद शिजत होती आणि आमच्या पाटीवर, जमिनीवर, हातावर चौकटीच चौकटी.

हंगाम संपता संपता सरांनी हळदीच्या बायांना शाळेत बोलावलं. दिवस मावळायला आला होता. बाया हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ओळीनं बसल्या. सर एकेकीला नाव विचारायचे, बटणं दाबायचे, आणि पंचायतीच्या टीव्हीवर ते नाव मराठीत उमटायचं. माझ्या आईचं नाव गयाबाई. ते आलं तेव्हा मी ओरडून सांगितलं, आई, हे तू. आईला वाचता येत नव्हतं. ती उठली, टीव्हीजवळ गेली, काचेला बोट लावलं. काच चट्‌ करून चावली तशी तिनं हात मागं घेतला आणि सगळ्या बाया हसल्या. आई वळून सरांना म्हणाली, "हीच का मी?" सर म्हणाले, "व्हय बाई, हीच तुमी."

एवढंच. त्यानंतर सरांची बदली झाली, मशीन त्यांच्याबरोबर गेलं, पुढं ते बिघडलं. आम्ही मोठे झालो.

मागच्या वर्षी माघात मी कळमनुरीला सरांना भेटायला गेले. ते निवृत्त होऊन तिथंच घर बांधून राहिलेले. त्यांची बायको जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. एका डोळ्यानं जवळपास दिसत नव्हतं. गॅसवर दूध ठेवून विसरायचे, शेजाऱ्याला दुसऱ्याच नावानं हाक मारायचे. मुलगा अविनाश पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात. पाडव्यानंतर तो त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. त्यात गैर काहीच नव्हतं, अविनाश चांगला मुलगा आहे. पण मी बसले असतानाच त्याचा फोन आला आणि सर फोनवर त्याला त्या संध्याकाळची गोष्ट सांगायला लागले. स्पीकर चालू होता.

"बाबा, तेव्हा संगणकात मराठी नव्हतंच," अविनाश शांतपणे म्हणाला. लहान मुलाला सांगतात तसं. "फॉन्ट नंतर आले. तुम्ही टीव्हीवर काहीतरी इंग्रजी दाखवलं असेल, आता तुम्हाला ते मराठी आठवतंय. डॉक्टरांनी सांगितलंय ना, असं होतं."

"अरे, ही बसलीय की माझ्यासमोर. हिच्या मायचं नाव आलतं."

"ताई, त्यांना जास्त बोलायला लावू नका," अविनाश म्हणाला आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, सर, मी पाहिलंय ना. सर हसले. "तू व्हय म्हणणारच. तू माझी विद्यार्थिनी. घरच्या माणसाची साक्ष कुणी धरत नसतं." मग बराच वेळ ते चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. "दूध उतू गेलं तर गेलं. नावं विसरलो तर विसरलो. पण जे केलं तेच केलं न्हाई असं आपल्यालाच वाटायला लागलं, तर मग मागं ऱ्हातं काय? कधी कधी सकाळी उठतो न मला वाटतं, अव्या खरंच बोलून राहिलाय."

निघताना त्यांनी कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत कॅसेट होती. वर निळ्या शाईत, त्यांच्या अक्षरात, 'मराठी' असं लिहिलेलं. "असलं तर यात हाये. पाडव्याच्या आत बघता का?"

शेजारच्या आवारात त्या दिवशी पहिला ड्रम सुरू झाला होता.

रफीकभाईंनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, फटीत ओली चादर खोचली, आणि आम्ही कॅसेट लावली. या कॅसेटवर दोन तुकडे होते. पहिल्यात सरांचा प्रोग्राम, दुसऱ्यात अक्षरांची चित्रं. प्रत्येक कॅसेटसाठी टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा एक बारीक स्क्रू फिरवावा लागतो. हेड किंचित तिरकं झालं तरी आवाज दबतो, आणि दबलेला आवाज रबऱ्याला कळत नाही. रफीकभाईंनी स्क्रू फिरवून आवाज खणखणीत केला आणि पहिला तुकडा अगदी सहज आत गेला. टीव्हीच्या कडेनं निळे-पिवळे पट्टे धावायला लागले. शाळेतल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर मी ते कधी रंगीत पाहिलेच नव्हते. मग मध्ये थोडी शांतता, मग दुसरी शिट्टी, आणि मग पट्टे अडखळले. टेप वाचता आली नाही, असं सांगणारी इंग्रजी ओळ पडद्यावर आली.

पुन्हा लावली. पुन्हा तेच. संतोषनं तो आवाज लॅपटॉपवर घेऊन धुतला, गाळला, उलटसुलट केला, तरी तेच. दुसऱ्या तुकड्याशिवाय प्रोग्राम सुरू केला तर तो चालत होता, पण अक्षरांची चित्रं नसल्यामुळं मशीन आपलं मूळचं इंग्रजी दाखवत होतं. म्हणजे अविनाश म्हणत होता ते अगदी तसंच समोर होतं. रफीकभाईंनी हेड पुसलं तर कापसाच्या बोळ्यावर तपकिरी भुकटी आली.

"मॅडम, टेप उस जगह पे घिस गई," ते म्हणाले. "अब मत बजाओ. जितना बजाएंगे उतना जाएगा."

"पहिला भाग इतका साफ आलाय म्हणजे स्क्रू बराबर आहे," संतोष म्हणाला. "दुसऱ्याची फीतच खराब. दुसरं काय असणार?"

आम्हाला तिघांनाही ते पटलं. एकाच माणसानं, एका बैठकीत, एकामागं एक दोन तुकडे भरले असणार. एक सरळ ऐकू येतो, दुसरा येत नाही, तर दोष फितीचा. या छंदात वर्षानुवर्षं घालवलेली माणसं असाच हिशेब करतात, कारण बहुतेक वेळा तो खरा निघतो.

सरांना सांगायला मीच गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "इंग्रजीच आलं न?" मी मान हलवली. "असंल मग," ते म्हणाले. "मलाच वाटलं असंल." आणि लगेच माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायला लागले. मला ते रडले असते तर बरं वाटलं असतं.

तो आठवडा फार वाईट गेला. मी वर्गात ध्वनिलहरी शिकवत होते आणि डोक्यात एकच विचार फिरत होता की आपल्यालाही चुकीचं आठवत असेल का. आईचं बोट, काचेचा चट्‌ आवाज, हीच का मी. सातवीतल्या पोरीनं ऐकलेल्या गोष्टीचं डोळ्यांनी पाहिलेलं करून टाकलं असेल का? माणूस असा स्वतःलाच फसवू शकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. सरांच्या एका 'असंल मग'नं माझ्या बालपणाचा खांब हलला होता.

रविवारी संतोषच्या शेतात हळद शिजत होती म्हणून तिकडं गेले. कुकरमधून उतरलेली गरम हळद बाया ताडपत्रीवर पसरत होत्या. त्यातल्या एकीनं मोबाइलवर गाणी लावली होती आणि आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाइल स्टीलच्या घागरीत ठेवला होता. आवाज मोठा कसला, घुमा झाला होता. शब्द कळत नव्हते, नुसता ताल येत होता. दुसरी म्हणाली, "काढ बाई त्याला भायेर, हिरीत पडल्यावाणी गाऊन राहिला." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला असाच एक घुमा आवाज आठवला. काकांचा टेपरेकॉर्डर. काका त्यावर जयंतीच्या कार्यक्रमातली भीमगीतं भरून आणायचे. आणि त्या टेपरेकॉर्डरच्या कडीला धरून सर तो आमच्या दारातून घेऊन चालले आहेत, असं काहीतरी. खरं की पुन्हा माझ्याच मनाचं?

मी तिथंच बांधावर बसून आईला फोन लावला. आई डोंगरकड्यातच असते, भावाकडे.

"आई, काकाचा टेप कावरखे सरांनी नेला होता का गं कधी?"

"आँ? लोक हळदी शिजून राहिले न तुला टेप आठवून राहिला?"

"सांग ना."

"नेला होता की. शाळंतला बिघडला म्हणून. तुझ्या काकानं तोंड केलतं एवढं. म्हणे मास्तर माझे गाणे मिटवून टाकते."

"कसा होता गं तो टेप?"

"कसा म्हंजी? घुमा. बैलगाडीतून पडला तव्हापसून गोधडीत तोंड घालून गाणं म्हणल्यावाणी वाजायचा. पर एक होतं, काकानं त्येच्यावर भरलेले गाणे त्येच्यावर झ्याक वाजायचे. दुसऱ्याकडून आणलेली टेप लावली की मग त्याची घुसमट व्हायची."

"आई," मी म्हटलं, "पुन्हा सांग."

"काहून? बहिरी झाली का?"

मी बहिरी झाले नव्हते. उलट मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. बैलगाडीतून पडल्यावर काकांच्या टेपरेकॉर्डरचं हेड तिरकं झालं होतं. तिरक्या हेडनं भरलेलं तिरक्या हेडवरच नीट वाजतं, सरळ हेडवर ते दबून जातं. सरांनी प्रोग्राम भरला तो शाळेच्या टेपरेकॉर्डरवर. तो बिघडला. मग अक्षरं भरली ती काकांच्या टेपरेकॉर्डरवर. फीत त्या जागी झिजलेली नव्हतीच, तपकिरी भुकटी तर कुठल्याही जुन्या फितीची येते. आम्ही सरळ कानानं तिरकं बोलणं ऐकत होतो. मधल्या शांततेत स्क्रू फिरवायला हवा होता, एवढंच, आणि पहिला तुकडा चोख आला म्हणून आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता.

रफीकभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "या खुदा. सीधा रखके ही बिगाड दिया हमने." संतोषचं म्हणणं पडलं की आधी दुकानात लावून बघू, जमलं तर सरांना दाखवू. फितीत आता किती वेळा वाजायचा दम आहे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "इथं आणा. न्हाई आलं तर न्हाई आलं. तेबी मीच बघंन."

कळमनुरीच्या बाजाराचा दिवस होता. रफीकभाईंनी ऑटोत जुना रंगीत टीव्ही घालून आणला, त्याला चादर गुंडाळलेली, लोकांना वाटलं आजारी माणूस नेतायत. सरांच्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही ओली फडकी लावली. बाहेर टोमॅटोवाल्याचं ओरडणं, लाउडस्पीकर, आणि त्या फडक्यांमधूनही गाळून येणारा हळदीचा वास. सर स्वच्छ पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. त्यांना पडदा धूसरच दिसत होता.

पहिला तुकडा गेला. शांतता आली. रफीकभाईंनी बारीक पेचकस स्क्रूवर टेकवला. दुसरी शिट्टी सुरू झाली, दबकी, घागरीतल्यासारखी. ही शिट्टी थोडाच वेळ असते, तेवढ्यात हेड जागेवर यायला हवं. रफीकभाईंनी स्क्रू फिरवायला घेतला. कुठं थांबायचं ते त्यांना कळेना, मला कळेना.

"अजून," सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "अजून फिरवा. अजून थोडं... हां. ऱ्हाऊ द्या."

शिट्टी कोरडी, धारदार झाली होती. आणि किरकिर सुरू झाली. निळे-पिवळे पट्टे धावत राहिले. अडखळले नाहीत. मी पडद्याकडे बघतच नव्हते, सरांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होते. किरकिर थांबली. संतोष म्हणाला, "मॅडम." मग म्हणाला, "मॅडम, बघा ना."

पडद्यावर मराठीत लिहिलेलं होतं: तुमचे नाव सांगा.

जाडी, ठोकळेबाज अक्षरं, पायरी-पायरीची, वेलांट्या जिन्यासारख्या. सर उठले, टीव्हीपाशी गेले, नाक काचेला टेकेल इतके जवळ. एकेका अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं. नंतर इतका मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली, आणि ती त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसली. मी जमिनीवर बसले. रफीकभाई "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले आणि पेचकस खिशात ठेवायचं सोडून कानावर खोचून बसले.

सर पाडव्यानंतर पुण्याला गेले, हे मी इथंच सांगून टाकते, कारण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही राहिलं नाही. आमच्याकडचा एक रबऱ्या त्यांच्याबरोबर गेला. अक्षरांची नवी प्रत संतोषनं करून दिली आहे, आणि जगभरच्या रबऱ्यावाल्यांनाही पाठवली आहे. त्यातल्या एकालाही ती वाचता येत नाहीत, तरी त्यांनी आपापल्या टीव्हीवर ती लावून फोटो पाठवले. कुणाच्या तरी बर्फातल्या घरात तुमचे नाव सांगा. दूध अजूनही उतू जातं म्हणे. पण त्या दुपारपासून सर जे सांगतात ते घरात ऐकून घेतलं जातं.

त्या दुपारी संतोषनं अविनाशला व्हिडिओ फोन लावला आणि मोबाइल टीव्हीसमोर धरला. अविनाशनं चेहरा फोनजवळ आणला.

"हे... त्याच मशीनवर चाललंय?" अविनाशनं विचारलं.

"देखो भाई, लॅपटॉप कुछ नहीं यहां," रफीकभाईंनी वायर उचलून दाखवली.

संतोषनं एका हातानं बटणं दाबून पडद्यावर त्या ओळीखाली 'रफीकभाई' असं नाव उमटवलं. मग अविनाश म्हणाला, "बाबा, तुमचा 'भ' आणि 'म' सारखाच दिसतोय."

"कुठं?" सर पडद्यापाशी वाकले. "व्हय रे. 'भ'च्या डोक्यावरची रेघ तुटली न्हाई."

"वरचा एक ठिपका काढा ना."

"काढला तर गाठ सुटते. तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाबा, मी पोटासाठी हेच करतो."

"मग सांग की, कोणत्या ओळीतला काढू?"

आम्ही तिघं चहा घेऊन बाहेर ओसरीवर येऊन बसलो. समोर बाजार मोडायला लागला होता. रफीकभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "चलो, झगडा शुरू हो गया. अब सब ठीक है." आतून सरांचा आवाज चढला. ठिपका काढायचा नाहीच, उजवीकडं एक घर सरकवायचा, असं ते ठासून सांगत होते. पलीकडून अविनाशही तेवढ्याच जोरात बोलायला लागला, आणि दोघांपैकी कुणीच ऐकायला तयार नव्हतं.